विजेचं लोखंड आणि त्याची सनद

गेल्या वर्षी रमजानच्या थोडं आधी, असरच्या नमाजनंतर, आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा माझ्या घरी आले. हातात प्लास्टिकचं आवरण चढवलेला एक कागद होता. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे जुनी खरेदीखतं, निकाहनामे, दर्ग्याच्या जमिनीचे कागद वाचून घ्यायला लोक येतातच. चाचांनी कागद पुढे केला आणि विचारलं, “सर, जरा पढ के बताव, असली है क्या?”

कागद उर्दूत होता. एका तांब्याच्या भांड्यावर आभाळातून वीज पडली, त्या विजेचं दुर्मीळ धातू त्यात उतरलं, त्यामुळे ते तांदळाचे दाणे ओढून घेतं आणि परदेशात त्याला कोट्यवधींची किंमत आहे, असा मजकूर. महाराष्ट्रात ‘राइस पुलर’ या नावानं चालणारी ही फसवणूक वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना नवी नाही. दरवेळी भांडं बदलतं, इरिडियमचं नाव तेच असतं, आणि ‘तपासणीची फी’ भरणारा माणूस नवा असतो. चाचांनी पंचवीस हजार भरले होते. आता दोन लाख मागितले जात होते. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे ते काढणार होते.

कागदावर दोन सनं होती. वर हिजरी ११८०, खाली इसवी १८५७. हिजरी सनाला ०.९७ नं गुणून त्यात ६२२ मिळवले की साधारण इसवी सन मिळतं, हे मी नववीच्या मुलांना शिकवतो. ११८० म्हणजे १७६६-६७. एकाच कागदाच्या दोन तारखांमध्ये नव्वद वर्षांचं अंतर! लिहिणाऱ्यानं साधा हिशेबही केला नव्हता. मी चाचांना तो करून दाखवला.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पण जहाँगीर बादशाहनं विजेच्या लोखंडाची तलवार केली होती, हे तर खरं ना? त्या माणसानं तेही सांगितलं. मग बादशाहचा कागद खरा आणि माझा खोटा, हे कशावरून?”

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मी तेव्हा घाईत दिलं होतं. ते नीट द्यावं म्हणून हा लेख.

जालंधरची पहाट

जहाँगीरची ती गोष्ट खरी आहे. त्यानं आपल्या फारसी आठवणींत, म्हणजे ‘तुजुक-ए-जहाँगीरी’त, ती स्वतः नोंदवली आहे. इसवी सन १६२१ चा एप्रिल महिना. पंजाबात जालंधर परगण्यातल्या एका गावी पहाटे पूर्वेकडून भयंकर आवाज आला. लोक घाबरले. त्या गोंधळातच आभाळातून एक उजेड खाली आला आणि जमिनीवर पडून नाहीसा झाला. परगण्याचा आमिल, म्हणजे महसुलाचा अधिकारी, मुहम्मद सईद घोड्यावर बसून जागेवर गेला. दहा-बारा गज जमीन अशी करपलेली दिसली की गवताचं पातं उरलं नव्हतं. त्यानं खणायला लावलं. जसजसं खोल जावं तसतशी ऊब वाढत गेली आणि शेवटी तापलेल्या लोखंडाचा गोळा निघाला. तो निवल्यावर आमिलनं थैलीत घातला, थैलीवर मोहर केली आणि दरबाराकडे रवाना केली.

बादशाहनं आपल्यासमोर वजन करवलं. १६० तोळे भरलं, म्हणजे दोन किलोंच्या जरासं खाली. मग उस्ताद दाऊद या कारागिराला बोलावून तलवार, खंजीर आणि सुरी करायला सांगितली. दाऊदनं थोड्या दिवसांनी येऊन सांगितलं, हे लोखंड हातोड्याखाली टिकत नाही, फुटून जातं. बादशाह म्हणाला, साधं लोखंड मिसळून बघ. तीन भाग विजेचं आणि एक भाग साधं असं मिश्रण करून दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी तयार झाली. तलवारी उत्तम प्रतीच्या तलवारींसारख्या वाकून पुन्हा सरळ होत होत्या. बादशाहनं त्यांची धार आपल्यासमोर तपासून घेतली.

दाऊदचा अनुभव आज समजू शकतो. आभाळातून आलेल्या लोखंडात निकेल असतं. शिवाय गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगं ठिकठिकाणी अडकलेली असतात. तापवून ठोकलं की धातू नेमका त्या जागी उकलतो. दाऊदच्या सहाशे वर्षं आधी इब्न सीनानं आपल्या ‘किताब अश-शिफा’त असाच प्रसंग लिहून ठेवला आहे. जुर्जानकडे पडलेल्या लोखंडाच्या गोळ्याची तलवार करावी असं सुलतान महमूद गजनवीला वाटलं, पण कारागिरांना त्या धातूनं दाद दिली नाही. म्हणजे हौस जुनी होती. मिश्रणाची वाट बादशाहनं सुचवली आणि दाऊदनं ती जमवली.

दरबारातल्या बेबदल खान या कवीनं त्या प्रसंगावर चार ओळी रचल्या आणि त्यांत सन गुंफलं. उर्दू-फारसी वाचणाऱ्यांना अबजदची पद्धत ठाऊक असते. प्रत्येक अक्षराला एक अंक असतो आणि शब्दांतल्या अंकांची बेरीज केली की वर्ष मिळतं. ‘बादशाही विजेची ज्योत’ अशा अर्थाचे तीन शब्द त्यानं निवडले. ‘शोला’चे ४०५, ‘बर्क’चे ३०२, ‘पादशाही’चे ३२३. बेरीज १०३०. हिजरी १०३० हे सन नोव्हेंबर १६२० ते नोव्हेंबर १६२१ असं येतं. एप्रिल १६२१ त्यात नेमकं बसतं. चाचांच्या कागदाला जे जमलं नाही, ते इथे कवितेनंही पाळलं होतं.

त्या चार हत्यारांपैकी सुरी आज अमेरिकेत वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलासंग्रहालयात आहे. १९५५ मध्ये ती विकत घेऊन तिथे ठेवण्यात आली. पात्यावर सोन्यानं कोरलेला मजकूर आणि सन आहे. म्हणजे वस्तू आपल्या अंगावरच आपली ओळख वागवते.

सनद आणि मतन

हदीसच्या अभ्यासात दोन शब्द पायाभूत आहेत. सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी: हे कोणी ऐकलं, कोणाकडून ऐकलं, तो माणूस कसा होता. आणि मतन म्हणजे प्रत्यक्ष मजकूर. मुहद्दिस दोन्ही तपासत. साखळी पक्की असली तरी मजकूर पारखायचा, आणि मजकूर कितीही गोड असला तरी साखळी तुटलेली असेल तर बाजूला ठेवायचा. मराठीतही ‘सनद’ शब्द आहेच. इनामाची सनद, वतनाची सनद. तिथेही अर्थ हाच की मालकी तोंडानं सांगून चालत नाही, कागद दाखवावा लागतो.

जालंधरच्या गोळ्याला ही सनद आहे. गाव कुठल्या परगण्यातलं ते माहीत आहे. वेळ आणि महिना माहीत आहे. खणून काढणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आहे. थैलीवर मोहर आहे. दरबारातलं वजन आहे. कारागिराचं नाव आहे, त्याचं अपयशही नोंदवलेलं आहे. खोटा कागद अपयश कधी सांगत नाही. शिवाय लिहिणारा बादशाह निरीक्षणाचा वेडा होता. सारस पक्ष्यांच्या जोडीला लैला-मजनू अशी नावं देऊन त्यांचं अंडी उबवणं तो दिवसागणिक टिपून ठेवत असे.

मतन मात्र पारखलं पाहिजे. जमीन करपली होती आणि खोल जावं तशी ऊब वाढत होती, हा भाग आजचे अभ्यासक सहज मान्य करत नाहीत. वातावरणात शिरताना अशा तुकड्याचा बाहेरचा थर वितळतो, पण तो वाटेतच झडून जातो. आतला भाग अवकाशातला, थंड. लहान तुकडा शेवटचे काही किलोमीटर साध्या दगडाच्या वेगानं खाली येतो आणि शेत जाळण्याइतका गरम उरत नाही. आमिलनं किंवा गावकऱ्यांनी विजेबद्दलच्या समजुतीप्रमाणे तेवढा रंग भरला असावा. त्यामुळे सगळी हकिगत खोटी ठरत नाही. एक तपशील दुबळा ठरतो, इतकंच.

या हकिगतीला पुढे एक वेगळंच काम करावं लागलं. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातले बरेचसे विद्वान आभाळातून दगड पडतात हे मानायलाच तयार नव्हते. खेडुतांच्या भोळ्या गप्पा म्हणून ते उडवून लावत. १७९४ मध्ये क्लाड्नी या जर्मन अभ्यासकानं असे दगड अवकाशातून येतात असं मांडलं, तेव्हा त्याची थट्टा झाली. १९ डिसेंबर १७९८ च्या संध्याकाळी बनारसजवळ क्राखुट गावाच्या परिसरात दगडांचा वर्षाव झाला. तिथले नमुने लंडनला पोचले. एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञानं १८०२ मध्ये बनारसचे, इंग्लंडचे, इटलीचे असे दूरदूरचे दगड तपासले, तर त्यांतल्या धातूच्या कणांत निकेल सापडलं. पुढच्याच वर्षी चार्ल्स ग्रेव्हिलनं रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात जहाँगीरच्या या नोंदीचं इंग्रजी भाषांतर छापलं. ज्या वर्षी फ्रान्सच्या लेग्ल गावावर हजारो दगड पडले आणि तिथल्या सरकारी चौकशीनं वाद जवळजवळ मिटवला, ते हेच १८०३. पॅरिस-लंडनच्या त्या वादात पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा जालंधरचा एक आमिल साक्षीला उभा राहिला होता.

दगडाला नाव कसं मिळतं

आभाळात जळताना दिसते ती उल्का. जळून उरलेला जो तुकडा जमिनीवर पोचतो तो अशनी. आज जगभर अशनींचे संग्राहक आहेत, व्यापारी आहेत, लिलाव आहेत. पण काळा, जड दगड दाखवून किंमत मिळत नाही. तो आधी वर्गीकृत व्हावा लागतो.

रीत अशी. दगडाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, खनिजांची रासायनिक घडण मोजतात, आणि तो साधा काँड्राइट आहे, लोखंडी आहे, की चंद्रावरून किंवा मंगळावरून आलेला आहे ते ठरवतात. एका मान्य संस्थेत कायमचा नमुना ठेवावा लागतो: दगडाचा पाचवा हिस्सा किंवा २० ग्रॅम, यांपैकी जे कमी असेल ते. मग मीटिऑरिटिकल सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेची नामकरण समिती नाव मंजूर करते आणि ते तिच्या बुलेटिनमध्ये छापून येतं. अशी सत्तर हजारांहून अधिक नावं आज नोंदलेली आहेत. बहुतेक काँड्राइट प्रकारचे आहेत आणि ते तुलनेनं स्वस्त मिळतात. चंद्राचे आणि मंगळाचे मोजके, म्हणून त्यांचा भाव ग्रॅमवर चालतो.

नाव गावावरून पडतं, आणि इथे आपल्या मुलखाचं मोठं योगदान आहे. २५ ऑगस्ट १८६५ ला बिहारमध्ये गया जिल्ह्यातल्या शेरघाटीत सुमारे पाच किलोंचा दगड पडला. अधिकाऱ्यांमार्फत तो कोलकात्याला पोचला. पुढे व्हिएन्नाच्या गुस्ताव चेर्माकनं १८७२ मध्ये त्याचा अभ्यास मांडला. अशा घडणीच्या दगडांच्या अख्ख्या जातीला आज ‘शेरगोटाइट’ म्हणतात. त्याच जातीच्या अंटार्क्टिकातल्या एका दगडात अडकलेला वायू १९८३ मध्ये मोजला गेला, तो व्हायकिंग यानानं मंगळावर मोजलेल्या हवेशी जुळला. म्हणजे शेरघाटीचा दगड मंगळावरचा. जगातल्या कुठल्याही लिलावात मंगळाच्या या जातीचा दगड विकला जातो, तेव्हा बिहारच्या एका कसब्याचं नाव उच्चारलं जातं.

महाराष्ट्रही या यादीत आहे. खानदेशातल्या माणेगावला १८४३ मध्ये पडलेला दगड डायोजेनाइट या दुर्मीळ प्रकारात मोडतो. हे दगड वेस्टा या लघुग्रहावरून आले असावेत असं मानलं जातं. २२ मे २०१२ च्या दुपारी नागपूरजवळ काटोलच्या परिसरात स्फोटासारखा आवाज होऊन दगड पडले. त्यांच्यात संशोधकांना ब्रिजमनाइट हे खनिज सापडलं. पृथ्वीच्या पोटात ते विपुल आहे, पण तिथून ते हाती लागत नाही. काटोलच्या लोकांनी शेतात, घरांवर पडलेले तुकडे दाखवले, जागा सांगितल्या, म्हणून त्या दगडाचं नाव आज ‘काटोल’ आहे.

गाव हरवलेले दगड

आता याच व्यवहाराची दुसरी बाजू. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून सहारा वाळवंटातले भटके लोक असे दगड शोधू लागले. पिवळ्या वाळूवर काळा दगड लांबून ओळखू येतो, आणि शेळ्या-उंट चारणाऱ्यांची नजर तयार असते. दगड मोरोक्कोतल्या बाजारपेठांत येतात, तिथून परदेशी व्यापाऱ्यांकडे जातात. हातोहात फिरताना मूळ जागा हरवते. कधी अडाणीपणानं, कधी मुद्दाम, कारण जागा सांगितली तर स्पर्धक तिथे पोचतो किंवा सरकार विचारतं. अशा दगडांना गावाचं नाव देता येत नाही. त्यांना ‘नॉर्थवेस्ट आफ्रिका’ आणि पुढे एक क्रमांक मिळतो. या मालिकेनं हजारोंचा टप्पा कधीच ओलांडला आहे.

१८ जुलै २०११ ला मोरोक्कोत टिसिंटजवळ मंगळाचा दगड पडला, तेव्हा पडताना लोकांनी पाहिलं होतं. म्हणून तो ‘टिसिंट’ झाला, गावाच्या नावानं अभ्यासला गेला. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये नायजरच्या अगादेज प्रांतात सापडलेला मंगळाचा २४.६७ किलोंचा दगड, हाती लागलेला आजवरचा सगळ्यात मोठा, ‘नॉर्थवेस्ट आफ्रिका १६७८८’ झाला. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात तो सुमारे ५३ लाख डॉलरना, म्हणजे आपल्या ४५ कोटी रुपयांच्या आसपास विकला गेला. त्यानंतर नायजरच्या सरकारनं हा दगड देशाबाहेर गेलाच कसा याची चौकशी सुरू केली.

या दगडाचं मतन निर्दोष आहे. प्रयोगशाळेनं तपासलं, समितीनं मंजूर केलं, मंगळाचाच आहे यात वाद नाही. सनद मात्र अर्धी आहे. लिलावाच्या बातम्यांत वजन आहे, लांबी-रुंदी आहे, डॉलर आहेत. शोधणारा मात्र ‘एक अशनी-शिकारी’. जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी एका देशातून ही वस्तू गेली आणि सापडल्याच्या जागी माणसाचं नाव नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या बादशाही राजवटीत परगण्याच्या एका आमिलचं नाव टिकलं. आजच्या खुल्या बाजारात तेवढंही टिकत नाही. जहाँगीरच्या नोंदीतही शेतात कुदळ चालवणाऱ्यांची नावं नाहीत, हे खरं. तरी परगणा राहिला, साल राहिलं, अधिकारी राहिला. म्हणून ती हकिगत जालंधरची राहिली.

ईमानाचा दाखला

चाचांना फसवणाऱ्यानं आणखी एक पत्ता टाकला होता. कुरआनात सूरह हदीदमध्ये लोखंड ‘उतरवलं’ असा शब्द आहे, मग आभाळातलं लोखंड पवित्रच, त्यावर शंका घेणं म्हणजे ईमान कच्चं. असं ऐकल्यावर आमच्याकडचा साधा माणूस गप्प होतो. त्या आयतमधलं क्रियापद तेच आहे, हे खरं. पण तेच क्रियापद सूरह जुमरमध्ये गुराढोरांसाठी आलं आहे आणि सूरह आराफमध्ये कपड्यांसाठी. गाय किंवा सदरा आभाळातून पडतो असा अर्थ सहसा काढला जात नाही. देणगी, नेमत या अर्थानं तो शब्द येतो. त्यावर भांडी विकणं हा धर्माचाही अपमान आहे आणि विज्ञानाचाही.

दगडात सामर्थ्य शोधणाऱ्यांसाठी हजरत उमर यांचं उदाहरण पुरेसं आहे. काबागृहाच्या काळ्या दगडाचं चुंबन घेताना ते म्हणाले होते की तू एक दगड आहेस, तू नफाही करत नाहीस आणि नुकसानही, हे मला ठाऊक आहे. पैगंबरसाहेबांना तसं करताना पाहिलं म्हणून मी करतो. तिथेसुद्धा वजन पाहणाऱ्याच्या साक्षीला आहे, दगडाला नाही.

तर चाचांच्या प्रश्नाचं उत्तर असं. बादशाहचा कागद तो बादशाहचा आहे म्हणून खरा नाही. त्यात माणसं आहेत, जागा आहे, दिवस आहे, वजन आहे, आणि यांतली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टीशी ताडून पाहता येते. तुमच्या कागदात फक्त किंमत आहे.

उद्या आपल्यापैकी कुणाच्या शिवारात खरंच असा दगड पडला, तर तो धुऊ नका, फोडू नका, लोहचुंबक घासू नका. पडलेल्या जागीच त्याचा फोटो घ्या. तारीख, वेळ, आवाज कुठल्या दिशेनं आला, शेत कुणाचं, कुणी पाहिलं, हे त्याच दिवशी वहीत लिहा आणि पाहणाऱ्यांच्या सह्या घ्या. वजन करा. मग तहसील कार्यालयाला कळवा. तिथून तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जातो. मुहम्मद सईदनं घोड्यावर बसून जे केलं, तेच आपल्याला मोबाइल हातात घेऊन करायचं आहे.

चाचांनी दोन लाख दिले नाहीत. पंचवीस हजार परत आले नाहीत. पोलिसांत जायला ते तयार नव्हते. लोक हसतील म्हणाले. जाताना तो कागद माझ्याकडेच ठेवून गेले. मी तो नववीच्या वर्गात नेतो आणि हिजरी-इसवीचा हिशेब मुलांना त्याच्यावरच करायला लावतो. मुलांना चूक सापडायला दोन मिनिटंही लागत नाहीत.